मुळशीच्या हवेत सिगारची पेटी: वाइन कूलरचा ह्युमिडोर

जुलैच्या मध्यावर मुळशीतल्या नेरे गावात घरातला आर्द्रतामापक सकाळी ८५ ते ९० टक्क्यांच्या आसपास असतो. मिठाला पाणी सुटतं, पापड सादळतात, कपाटातल्या कातडी पट्ट्यावर पांढरट बुरशी धरते. त्याच घरात एप्रिलच्या दुपारी आकडा २०-२५ वर येतो आणि पावसाळ्यात घट्ट बसणारं लाकडी दार सैल होतं. सिगार म्हणजे तंबाखूची अख्खी पानं हाताने वळून केलेला चिरूट. हवेत ओलावा असला की तो ओढून घेतो, नसला की स्वतःतला देऊन टाकतो. पावसाळ्यात तो फुगतो आणि त्याचं वरचं पान शिवणीशी उकलतं, उन्हाळ्यात तेच पान वाळून तडकतं. त्याला अशी जागा लागते जिथे बारा महिने एकच ऋतू असेल: १८ ते २१ अंश तापमान आणि ६५ टक्क्यांच्या आसपास ओलावा. अशा पेटीला ह्युमिडोर म्हणतात, आणि घरात पडून असलेल्या छोट्या वाइन कूलरचा ह्युमिडोर चांगला होतो. काच दुहेरी असते, भिंतीत फोम भरलेला असतो, दाराला रबर असतं. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं जमिनीच्या पोटात बाहेरचं ऊन-पाऊस आत येऊ देत नाहीत. या कपाटाकडूनही आपल्याला तेवढंच हवं आहे.

हा लेख सिगार ओढायला सांगण्यासाठी नाही, हे आधी स्पष्ट लिहितो. धूर आत न ओढताही सिगारमुळे तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग होतो, आत ओढला तर फुप्फुसाचाही. घरात लहान मुलं असतील तर या कपाटाला कुलूप हवंच. ज्यांच्याकडे सिगार आहेत आणि नीट न ठेवल्यामुळे दर पावसाळ्यात फेकावे लागतात, त्यांच्यासाठी मी लिहितो आहे.

दुसरी गोष्ट, हा खटाटोप सगळ्यांना लागत नाही. २०१६ च्या बॅगेज नियमांनी परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला २५ सिगार आणायची मुभा दिली, म्हणजे एक खोकं. तेवढ्यांसाठी वाइन कूलर चालवणं म्हणजे विजेची नासाडी आहे. चार बाजूंनी कड्या लागणारा, रबरी कडेचा, वास न लागलेला डबा घ्या, आत ६५ टक्क्यांची ओलाव्याची एक पुडी टाका आणि डबा घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीजवळ ठेवा. पन्नासच्या पुढे सिगार असतील, किंवा ते वर्षानुवर्षं मुरवायचे असतील, तरच पुढचं वाचा.

कूलर दोन जातींचे असतात. एकात फ्रिजसारखा कॉम्प्रेसर आणि गॅस असतो. दुसऱ्यात पेल्टिअर चकती असते. विजेचा प्रवाह सोडला की तिची एक बाजू गार होते आणि दुसरी तापते. झाँ पेल्टिअर या फ्रेंच माणसाने १८३४ मध्ये हा परिणाम नोंदवला, म्हणून तिला त्याचं नाव. आपल्याला ही दुसरी जात हवी. कॉम्प्रेसरचा थंडावा आपल्या कामापेक्षा फार तीव्र असतो. तो सुरू झाला की हवेतलं पाणी आतल्या गार पत्र्यावर खेचून घेतो, बंद झाला की ओलावा उसळतो, आणि हा हेलकावा सिगारला मारक ठरतो. शिवाय अशा बऱ्याच यंत्रांत आर६००ए म्हणजे आयसोब्युटेन हा पेट घेणारा वायू असतो आणि त्याच्या नळ्या भिंतीच्या आतून फिरवलेल्या असतात. वायर आत घ्यायला म्हणून तिथे ड्रिल चालवलं आणि नळी फुटली, तर घरात गॅस पसरतो. कॉम्प्रेसरवाल्या कूलरला भोक पाडू नका. वायर आत न्यायचीच असेल तर चपटी घ्या आणि दाराच्या रबराखालून न्या.

पेल्टिअरची मर्यादाही माहीत असू द्या. ही चकती बाहेरच्या हवेपेक्षा साधारण दहा-बारा अंशच खाली उतरू शकते. मे महिन्यात खोली ३५ अंशांवर असेल तर आत २३-२४ च्या खाली जायची अपेक्षा धरू नका. म्हणून कपाट कुठे ठेवता याला मोल आहे. पश्चिमेची भिंत, बाल्कनी, स्वयंपाकघर, या तिन्ही जागा टाळा. घराच्या मधल्या भिंतीला ठेवा आणि मागे वीतभर मोकळी जागा सोडा, कारण मागचा पंखा गरम हवा तिथूनच बाहेर टाकतो. हिंजवडी, मारुंजी, नेरे या पट्ट्यात सतत बांधकामं चालू असल्यामुळे बारीक धूळ फार. ती मागच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत भरते आणि थंडावा कमी होतो. दोन महिन्यांतून एकदा प्लग काढून मऊ ब्रशने ती झाडा. कुरकुरणारा पंखा बारा व्होल्टचा साधा कॉम्प्युटरचा पंखा असतो. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मापाचा मिळतो, जुन्याचा नमुना हातात घेऊन जा.

आता ओलाव्याचा हिशेब. सगळी मेख इथे आहे. परदेशी सल्ले थंड देशांतल्या, हीटरने वाळलेल्या घरांसाठी लिहिलेले असतात. ते ओलावा वाढवायला सांगतात: पाण्याचा वाडगा ठेवा, स्पंज भिजवा. मीही पहिल्या वर्षी तसंच केलं. जूनमध्ये आत पाण्याचा वाडगा ठेवला आणि ऑगस्टमध्ये अर्ध्याहून अधिक सिगारच्या टोकांवर केसाळ बुरशी होती. आपल्याकडे चार महिने ओलावा काढावा लागतो, घालावा लागत नाही. आकडेच पाहा. २८ अंश तापमानाच्या, ८५ टक्के दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं. २० अंशांच्या हवेत मावतंच मुळी १७ ग्रॅम, आणि ६५ टक्क्यांसाठी हवं फक्त ११ ग्रॅम. म्हणजे पावसाळ्यात दार उघडलंत की आत शिरणारी हवा गरजेच्या दुप्पट पाणी घेऊन येते. ती गार झाली की जास्तीचं पाणी काचेवर, लाकडावर आणि सिगारवर बसतं.

उन्हाळ्यात याच्या उलट, पण वाटतं तितकं सरळ नाही. ३६ अंशांच्या, २५ टक्के कोरड्या हवेत घनमीटरमागे दहा ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. तीच हवा २० अंशांवर आणली तर तिचा ओलावा आपोआप ६० टक्क्यांवर जातो. मग उन्हाळ्यात कूलरमधले सिगार का वाळतात? कारण आतला गार पत्रा २० अंशांवर नसतो, तो त्याहून बराच थंड असतो. पत्रा ८ अंशांवर असेल तर हवेतलं पाणी त्यावर थेंबाथेंबाने जमतं, मागच्या भोकातून बाहेरच्या ट्रेमध्ये जातं आणि आतला ओलावा ५० च्या खाली घसरतो. म्हणून बटण कायम सगळ्यात वरच्या तापमानावर ठेवा, बहुतेक यंत्रांत ते १८ असतं. पत्रा जितका कमी गार, तितकं पाणी कमी चोरीला जातं.

याहून चांगला उपाय म्हणजे बाहेरून जोडायचा तापमान नियंत्रक. काही शे रुपयांत मिळतो. त्याचा सेन्सर आत मधल्या फळीवर टांगा, २१ अंशांना कूलर सुरू आणि २० ला बंद असं लावा. आणखी एका कारणासाठी तो उपयोगी पडतो. बोटाने स्पर्श करायच्या बटणांचे बरेच कूलर वीज जाऊन आली की बंदच राहतात, नाहीतर आपल्या मूळच्या १२ अंशांवर जातात. पावसात वीज जाणं आपल्याला नवं नाही. यंत्र घेतल्यावर पहिल्याच दिवशी प्लग काढून परत लावून पाहा. बंद राहणारं असेल तर त्याला नियंत्रक लावू नका, कारण नियंत्रकही वीजच तोडतो आणि यंत्र परत सुरू होणार नाही; वीज आल्यावर ते हाताने चालू करायची सवय लावून घ्या. १२ अंशांवर जाणारं असेल तर नियंत्रक त्याला २० च्या खाली उतरू देणार नाही. खालच्या कप्प्यात झाकण घट्ट लावलेल्या पाण्याच्या दोन-तीन बाटल्या ठेवल्या की वीज गेल्यावरही थंडावा काही तास टिकून राहतो. नियंत्रकाची जोडणी २३० व्होल्टवर होते. अर्थिंग असलेला प्लग आणि बंद डबी वापरा. हात सरावाचा नसेल तर वायरमनकडून करून घ्या.

कूलर नवा असो वा जुना, प्लास्टिकचा वास घालवल्याशिवाय आत काही ठेवू नका. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून सगळं पुसा, रबराच्या घड्या कापडाच्या टोकाने साफ करा, दार उघडं ठेवून चार-पाच दिवस वाऱ्यावर राहू द्या. मग आत चुरगळलेली वर्तमानपत्रं आणि कोळशाचे तुकडे भरून आठवडाभर बंद करा. वास गेला की नाही हे नाकाला नेहमी कळत नाही. त्यावर मला एक उपाय सापडला आहे: बिनमिठाच्या भाकरीचा तुकडा रात्रभर आत ठेवायचा आणि सकाळी त्याचा वास घ्यायचा. भाकरीला प्लास्टिकचा वास येत असेल तर सिगारलाही येणार. पुढेही कपाटाजवळ उदबत्ती, कापूर, डांबरगोळ्या नकोत. आंबेमोहोराची पिशवीसुद्धा जवळ नको, तंबाखू वास फार पटकन धरतो.

दाराची घट्टी तपासायला दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. चारही बाजूंना ती अडकून यायला हवी. सैल निघाली त्या जागी रबराला केसांच्या ड्रायरची हलकी ऊब देऊन हाताने फुगवा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

लाकडाबद्दल मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण इथे आपल्या हाताशी उत्तम माल असून आपण परदेशी मागवतो. ह्युमिडोरला स्पॅनिश सीडर लावतात. नाव फसवं आहे. हे झाड स्पेनचं नाही, मध्य-दक्षिण अमेरिकेचं आणि कॅरिबियन बेटांचं आहे, आणि सीडर म्हणजे देवदार तर नाहीच. ते महोगनीच्या कुळातलं, म्हणजे आपल्या कडुनिंबाच्याही कुळातलं. त्याचा भारतातला सख्खा भाऊ म्हणजे तून. वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी दोघांना एकाच प्रजातीत धरत. तून हलकं, तांबूस, किंचित सुगंधी असतं. ओलावा घेतं आणि सोडतं, पण फारसं वाकत नाही. मिरजेच्या ज्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांत हेच लाकूड वापरतात. भारतात सिगारची खोकीही पूर्वी तुनाचीच होत. पुण्याच्या टिंबर मार्केटात विचारा, जुनं वाळलेलं तून मिळालं तर सोडू नका. देवदार मात्र नको. त्याचं तेल उग्र असतं आणि राळ सुटून सिगारला चिकटते. प्लायवूड आणि एमडीएफही नको, त्यांच्या सरसातून फॉर्मल्डिहाइड सुटत राहतं.

सुताराकडून सहा ते आठ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढून घ्या. पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवून फळ्या करा, म्हणजे हवा खाली-वर खेळेल. तारांच्या मूळ जाळ्या काढून त्यांच्याच खाचांत या फळ्या सरकतात. दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर सूट सोडायला सांगा, पावसाळ्यात लाकूड फुगलं की फळी अडकते. बारीक पॉलिशपेपर मारा, पण पॉलिश, व्हार्निश, तेल काहीही लावू नका. खिळ्यांऐवजी खाचा करून बसवल्या तर फारच उत्तम.

लाकूड मुरवणं हवामानावर ठरतं. फेब्रुवारी ते मे या काळात काम करत असाल तर फळ्यांवर डिस्टिल्ड पाण्याचा ओला फडका फिरवा आणि आत डिस्टिल्ड पाण्याची वाटी ठेवून चार-पाच दिवस दार बंद ठेवा. लाकूड आधी स्वतःची तहान भागवतं, नाहीतर तुमच्या सिगारमधलं पाणी पितं. सोलापूरच्या विडी कामगार बाया तेंदूची पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात, कापायच्या आधी पान मऊ पडावं म्हणून. ही ओल तशीच हळूहळू द्यायची असते. जून ते सप्टेंबरमध्ये काम करत असाल तर फडका आणि वाटी दोन्ही विसरा. तेव्हा लाकूड आधीच फुगलेलं असतं. ते एसीच्या खोलीत तीन-चार दिवस ठेवून थोडं सुकवूनच बसवा. नळाचं किंवा बोअरचं पाणी कधीच वापरू नका, क्षारांचे पांढरे डाग पडतात आणि ते बुरशीसारखेच दिसतात.

मापक बाजारातून आला तसा खरा मानू नका. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यात थेंब-थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा, पाणी तरंगता कामा नये. झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. मिठावरच्या बंद हवेचा ओलावा ७५ टक्क्यांवर स्थिर होतो, हा निसर्गाचा आकडा आहे. मापक ७१ दाखवत असेल तर तो ४ ने कमी दाखवतो. तसं पट्टीवर लिहून त्याच्या पाठीला चिकटवा. मापक दोन घ्या, एक वरच्या फळीवर आणि एक तळाशी. गार हवा खाली बसते आणि खालचा आकडा वरच्यापेक्षा जास्त येतो. फरक पाचच्या पुढे असेल तर आतल्या पंख्यासोबत आणखी एक छोटा पंखा लावा आणि टायमरने त्याला तासातून दहा मिनिटं फिरवा. अखंड फिरवलात तर पंख्यासमोरचे सिगार वाळतील.

ओलावा राखायला दोन्ही बाजूंनी काम करणाऱ्या पुड्या वापरा. बोवेडासारख्या या पुड्यांत क्षारांचं दाट पाणी असतं. हवा कोरडी झाली की त्या पाणी देतात, दमट झाली की ओढून घेतात. ६५ चा आकडा छापलेल्या घ्या. ६९ आणि ७२ च्या पुड्या थंड देशांत ठीक, आपल्याकडे तिथून बुरशी फार लांब नसते. पंचवीस सिगारच्या जागेला साठ ग्रॅमची एक, या हिशेबाने पन्नास लिटरच्या कपाटात चार ते सहा लागतील. पुडी चिवट आणि कडक झाली की संपली. पावसाळ्यात उलट होतं, पाणी पिऊन ती टम्म फुगते. तेव्हा मदतीला पांढऱ्या सिलिका जेलची शंभर ग्रॅमची कापडी पिशवी पंख्याजवळ टांगा आणि आकडा ६५ वर आला की लगेच काढा. निळे दाणे घेऊ नका, त्यांच्यात कोबाल्टचं विषारी संयुग असतं.

उरला किडा. तंबाखूचा भुंगेरा म्हणतात तो हळकुंडात, सुंठीत, लाल मिरचीत पडणारा तपकिरी गोल किडाच. त्याची अंडी पानांबरोबरच सिगारमध्ये आलेली असू शकतात आणि २४-२५ अंशांच्या पुढे उबून जोमाने वाढतात. सिगारच्या अंगावर टाचणीने पाडल्यासारखं भोक दिसलं की समजा तो बाहेर पडला आहे. वाट पाहू नका. नवा आलेला प्रत्येक सिगार दोन झिपच्या पिशव्यांत बंद करून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर चार-पाच दिवस ठेवा, मग एक दिवस खाली फ्रिजच्या कप्प्यात, मग एक दिवस बाहेर, सगळं पिशवी न उघडता. थेट फ्रीझरमधून बाहेर काढलात तर वरचं पान तडकतं.

हे एकदा केलं की पावसाळ्यात मी कूलर सरळ बंद ठेवतो. जुलै-ऑगस्टमध्ये नेऱ्यात खोली २४ ते २७ च्या दरम्यान राहते, अंडी मेलेली असली की ती चालते, आणि यंत्र बंद असलं की आत पाणी गळत नाही. तेव्हा मागचं पाणी जायचं भोक रबरी बुचाने बंद करतो, नाहीतर बाहेरची दमट हवा तिथूनच आत येते. दार आठवड्यातून एकदा, तेही दुपारी, पाऊस थांबलेला असताना उघडतो. दिवाळीच्या सुमाराला पुड्या बदलतो. होळीनंतर खोली २८ च्या वर जाऊ लागली की बूच काढतो, नियंत्रक जोडतो आणि कूलर पुन्हा सुरू करतो. त्या दिवसांत मागच्या ट्रेमध्ये जमणारं पाणी दर आठवड्याला मोजा. ते वाढत असेल तर दाराचं रबर पुन्हा तपासा.

सिगार अंगठ्याने हलकेच दाबून पाहण्याची सवय ठेवा. थोडा दबून परत वर आला तर ठीक, चुरचुरला तर वाळला, दाबलेला तसाच राहिला तर सादळला. वाळलेला महिनाभरात हळूहळू सुधारतो. सादळलेला वेगळ्या डब्यात ६२ च्या पुडीबरोबर ठेवा. केसाळ बुरशी दिसली तर तो सिगार फेका, शेजारचे कोरड्या मऊ कापडाने पुसून बाजूला काढा आणि ती फळी बाहेर काढून उन्हात दोन दिवस वाळवा.